लिंबाच्या रोपांवर खरबरीत ठिपके, कोवळ्या पानांत नागमोडी रेघा. फवारू काय?

डबलबेल
नमस्कार मंडळी. एसटीत 31 वर्षं तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या 20 गुंठ्यांत कागदी लिंबू लावलं. आमचा श्रीगोंदा तालुका, इथे लिंबू लावायला फार डोकं लागत नाही, शेजाऱ्याने लावलं की आपण लावायचं. 20 बाय 20 फुटांवर 54 रोपं, बियांपासून केलेली, मागच्या आषाढात लावली. आज कमरेला लागतात.

यंदा पंधरा दिवस नुसती भुरभुर चाललीय आणि तेव्हापासून तीन भानगडी एकदम सुरू झाल्यात. जुन्या पानांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके आलेत, भोवती पिवळं कडं. बारीक फांद्यांवरही तेच. शेंड्याची कोवळी पानं आकसून द्रोणासारखी झालीत आणि त्यांत गोगलगाय चालून गेल्यासारख्या चंदेरी रेघा दिसतात. सात-आठ रोपांची पानं तर कडेने कुरतडून नेलीत.

दुकानदाराला एक पान दाखवलं. त्याने ते उलटूनही पाहिलं नाही. एक बुरशीचं, एक किडीचं आणि एक टॉनिक दिलं, तिन्ही एकाच पंपात घाला म्हणाला. 1,140 रुपये झाले. आठवड्यात रोपं अशी फुटली की बायको म्हणाली, गुण आला. आता त्याच नव्या फुटव्यावर सगळ्यात जास्त रेघा आहेत. चुकलं कुठे?

गच्चीवरची बाग
काका, माझ्या कुंडीतल्या लिंबाला असंच झालं होतं. आंबट ताक आणि हळद फवारली, गेलं. करून बघा, नुकसान तर नाही.

विहीरपट्टा
व्हायरस आहे. उपटा आणि जाळा, नाहीतर शेजाऱ्याच्या बागेत जाईल. आमच्याकडे दोन एकर गेलं असंच.

माळरान
दादा, उपटू नका. 14 वर्षं लिंबू करतेय, या तीन भानगडी मला तरी एकाच घरातल्या वाटतात. पण आधी तीन गोष्टी बघून सांगा.

ठिपक्यावरून अंगठा फिरवा, वरून आणि मग पानाच्या मागून. दोन्हीकडे खरबरीत फोड लागतो का? रेघावालं आकसलेलं पान उलगडून कडेची घडी बघा, आत काही आहे का. आणि कुरतडलेल्या रोपावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतं का, तेही बघा. दिसलं तर काडीने टोचा.

डबलबेल
ताई, सकाळी नातीला घेऊन गेलो. ठिपका दोन्ही बाजूंनी लागतो, सॅंडपेपरसारखा. पानाच्या कडेला घडी पडलीय, उलगडली तर आत बारीक पिवळसर कोष निघाला. आणि ती विष्ठा चालत होती! नातीने पेनच्या टोपणाने टोचलं तर डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर आली आणि असा उग्र वास सुटला की पोरगी पळाली. नंतर स्वतःच परत आली, आणखी चार शोधायला.

माळरान
नातीला कामाला लावा, तिसऱ्या भानगडीवर तेच औषध. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. लहानपणी विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि मग पानात सापडत नाही. 54 रोपांना पंप कशाला, तासाभरात वेचून होतात. एवढ्या लहान रोपावर मात्र चार अळ्याही शेंडा बोडका करतात, तेव्हा दोन-तीन दिवसांनी फेरी मारा.

ठिपके म्हणजे खैऱ्या. कॅंकर म्हणतात तोच. व्हायरस नाही आणि बुरशीही नाही, जिवाणू आहे. बुरशीचा करपा पानाला सपाट डाग पाडतो, खैऱ्याचा फोड बोटाला लागतो, म्हणून अंगठा फिरवायला सांगितलं. पावसाचे थेंब उडाले की या पानावरून त्या पानावर जातो. आत शिरायला त्याला जखम मिळाली की झालंच. वाऱ्याने काटे पानात घुसतात, ती एक जखम. दुसरी म्हणजे तुमच्या चंदेरी रेघा.

रेघा नागअळीच्या. पानाच्या सालीखाली ती बोगदा करत जाते आणि खैऱ्याला आख्खा रस्ता उघडा करून देते. तिला फक्त कोवळी नवती, म्हणजे नवी पालवी लागते. तुमच्या टॉनिकने भर पावसात नवती काढली, म्हणजे तुम्ही दोघांनाही जेवायला बोलावलंत. बायकोला सांगा, गुण आला होता, पण अळीला.

आता करायचं काय? टॉनिक आणि युरिया पाऊस संपेपर्यंत बंद. पानांवरचं पाणी पूर्ण सुकलेलं असेल अशा दिवशीच फोडांच्या फांद्या कापा, ओल्यात कात्री लावली तर रोग तुम्हीच फिरवाल. कापलेलं आणि खाली पडलेलं गोळा करून जाळा. मग एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण.

नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क. लिटरला 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळायची. मात्र शेंड्याला पानं करंगळीच्या नखाएवढी असतानाच फवारा, म्हणजे अंडी घालायला पतंग कमी बसतो. घडीत कोष सापडला म्हणजे त्या पानातलं काम उरकलं, त्यावर पंप मारून फक्त पाठ दुखते. रासायनिक घ्यायचंच झालं तर बाटलीच्या लेबलावर लिंबूवर्गीय पीक आणि पाने पोखरणारी अळी लिहिलंय का ते वाचा. बोर्डोत काहीच मिसळू नका, तो आणि दुसरी फवारणी यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा.

गच्चीवरची बाग
ताई, मग माझं ताकाने कसं गेलं?

माळरान
तुमची कुंडी छपराखाली असेल. पानावर पाऊस पडत नसेल तर खैऱ्या फारसा पसरत नाही.

गच्चीवरची बाग
हो, सज्जाखाली आहे 🙂

डबलबेल
बोर्डो केला. पंप 15 लिटरचा, म्हणून 150 ग्रॅम मोरचूद पोटलीत बांधून एका प्लॅस्टिकच्या बादलीत टांगलं, 150 ग्रॅम चुना दुसरीत. सकाळी दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतलं, लाकडी काठीने ढवळलं. रंग आकाशी, बघत राहावा असा. शेजारी म्हणाला विळा बुडवून बघ. बुडवला तर पातं तांबूस झालं! फवारू का?

माळरान
थांबा, फवारू नका. पात्यावर तांबं चढलं म्हणजे मोरचूद मोकळं आहे, कोवळी पानं भाजतील. चुना दुकानात उघड्या पोत्यातला आणलात ना? हवा खाल्लेला चुना कमी पडतो. आणखी चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला, विळा घासून पुन्हा बुडवा. पातं स्वच्छ निघेपर्यंत. आणि आजच संपवा, उद्याला ठेवू नका.

डबलबेल
तिसऱ्या वेळी पातं स्वच्छ निघालं. गाळून फवारलं, संध्याकाळपर्यंत उघडीप मिळाली.

विहीरपट्टा
मी उगाच घाबरवलं, दादा. आमच्या बागेत फोड होते का सपाट डाग, तेच आता आठवत नाही. नांगी भरायची, म्हणजे गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची, तर काय लावावं?

माळरान
राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती ही लिंबाची जात बघा, तिला खैऱ्या कमी येतो. आणि वारा येतो त्या बांधाला शेवगा किंवा शेवरी लावा, काट्यांच्या जखमा कमी होतील.

डबलबेल
ताई, बारा दिवस झाले. अळ्या वेचून संपत आल्या. पण ठिपके आहेत तसेच आहेत, एकही पुसला नाही. पुन्हा मारू का?

माळरान
जुना फोड पुसत नसतो, तो पानाबरोबरच जाणार. त्याच्याकडे बघून औषध ठरवू नका. पाच-सहा रोपांच्या आताच्या शेंड्याला खाली दोरा बांधा. दोऱ्याच्या वर जी पानं येतील तेवढीच मोजा. त्यांवर फोड दिसला तर पुन्हा बोर्डो.

डबलबेल
बांधला. दोरा नव्हता, नातीची लाल रिबीन फाडली. दोऱ्याच्या वर आजपर्यंत 23 पानं, फोड एका पानावर. रेघा मात्र चार पानांवर आहेत, उद्या निंबोळी भिजत घालतो.