गॅस लायटरचे हजारो व्होल्ट आणि प्लगमधले २३० व्होल्ट

पालक, फोंडा
नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे. एकक प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे विभवांतर, ही व्याख्या तिला तोंडपाठ आहे. परंतु काल चहा ठेवताना तिने विचारलेल्या प्रश्नापाशी आम्ही दोघीही अडलो. गॅस लायटरच्या टोकाशी उडणाऱ्या निळसर ठिणगीमागे हजारो व्होल्ट असतात, मग ती बोटाला लागली तर नुसता चटका का बसतो, आणि भिंतीवरच्या प्लगमधले अवघे २३० व्होल्ट जीव कसा घेऊ शकतात? व्होल्ट म्हणजे विजेची ताकद, असेच मी आजवर समजत आले. ही समजूत नेमकी कुठे चुकते, ते कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त शिक्षक, मडगाव
ताई, मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. व्याख्येतील ‘एकक’ या शब्दाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि सगळा घोळ तिथेच होतो. व्होल्ट ही एकूण ऊर्जा नव्हे. दर कूलोम प्रभारामागे किती ज्यूल ऊर्जा, एवढेच तो आकडा सांगतो. घरच्या विहिरीचे पाहा. गच्चीवरची टाकी विहिरीतल्या पाण्यापासून १० मीटर उंच असेल, तर वर चढणाऱ्या दर किलो पाण्याला सुमारे ९८ ज्यूल ऊर्जा मिळते, मग वर तांब्याभर पाणी जावो की टाकी काठोकाठ भरो. हे किलोमागचे ज्यूल म्हणजे विभवांतराच्या जागी, आणि पाण्याचे वस्तुमान प्रभाराच्या जागी. एकूण ऊर्जा हवी असेल तर दोहोंचा गुणाकार करावा लागतो.

एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, आणि तासाचे सेकंद ३,६००. त्यामुळे इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५,४०,००० कूलोम प्रभार वाहू शकतो, म्हणून तिची ऊर्जा जवळजवळ ६५ लाख ज्यूल, वीजबिलाच्या भाषेत १.८ युनिट भरते. टॉर्चचे १.५ व्होल्टचे आठ सेल एकापुढे एक जोडले तरी १२ व्होल्टच होतात. मात्र सेल २ अँपिअर-तासांचे असतील तर प्रभार ७,२०० कूलोमच वाहतो आणि ऊर्जा ७५ पटींनी कमी पडते.

लायटरमध्ये खटका दाबल्यावर आतल्या स्फटिकावर आघात होऊन प्रभार विलग होतात. हवेतून ठिणगी उडण्यास दर सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात, म्हणजे ३ मिलिमीटरच्या फटीला ९,००० व्होल्टच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, परंतु प्रभार एका कूलोमचा दहा लाखावा भाग धरला तरी गुणाकार ०.००९ ज्यूलच येतो.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी
सर, एक दुरुस्ती सुचवतो. बॅटरी जवळजवळ ठरावीक विभवांतर टिकवून धरते, म्हणून तिथे सरळ गुणाकार चालतो. लायटरमध्ये मात्र प्रभार ओसरत जातो तसतसे विभवांतरही उतरते आणि शेवटच्या प्रभाराच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे ऊर्जा गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे ०.००४५ ज्यूल धरावी.

निवृत्त शिक्षक, मडगाव
दुरुस्ती अगदी योग्य आहे. मी ते लिहायला हवे होते.

वायरमन, म्हापसा
ताई, लायटरचा प्रभार क्षणात संपतो, पण प्लगमागची वीज तुटेपर्यंत थांबत नाही. ओल्या हाताने स्पर्श झाला आणि शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर ०.२३ अँपिअर प्रवाह, म्हणजे सेकंदाला ०.२३ कूलोम प्रभार वाहतो आणि दर सेकंदाला सुमारे ५३ ज्यूल ऊर्जा शरीरात उतरते. त्यातही हा प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते, हा खरा धोका आहे. म्हणून घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून, विशेषतः पावसाळ्याआधी, दाबून पाहावे, असे मी प्रत्येक घरी आवर्जून सांगतो.

पालक, फोंडा
आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुलीने आता घरातले सेल मीटरने तपासायला घेतले आहेत. एका जुन्या सेलवर मीटर १.३ व्होल्ट दाखवतो, तरी एका सेलवर चालणाऱ्या आमच्या छोट्या टॉर्चचा बल्ब त्यावर पेटत नाही. भिंतीवरचे घड्याळ मात्र त्याच सेलवर चालते. कूलोममागे १.३ ज्यूल असतील, तर ते जातात कुठे?

निवृत्त शिक्षक, मडगाव
सेलच्या आतच. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. मीटर आणि घड्याळ नावापुरताच प्रवाह घेतात, म्हणून त्यांना हा रोध जाणवत नाही. बल्ब पुष्कळ प्रवाह मागतो आणि मग दर कूलोमच्या ऊर्जेचा मोठा भाग आतच उष्णतेच्या रूपाने खर्च होतो. बल्ब जोडलेला असताना मीटर लावून पाहण्यास सांगा.

पालक, फोंडा
तसे करून पाहिले. बल्ब जोडताच आकडा ०.६ वर उतरला आणि काढताच पुन्हा १.३ वर गेला. मुलीने वहीत लिहिले आहे: बल्बला कूलोममागे ०.६ ज्यूल, सेलच्या आत ०.७ ज्यूल.