जपानात स्वस्तात कुठे राहिलात? (अनुभव धागा)

मोगरा_पुणे:
काल भाच्याचा फोन. मार्चअखेर मित्रांबरोबर टोकियोला चाललाय, साकुरा (चेरीचा बहर) बघायला. नमस्कार नाही चमत्कार नाही, थेट "मावशी, त्या कॅप्सूलमध्ये झोप लागते का गं?" आणि मला टोकियोतलं आमचं उएनो आठवलं.

नवऱ्याची कॉन्फरन्स संपली, त्याबरोबर कंपनीचं हॉटेलही संपलं. पुढचा मुक्काम आपल्या खिशातून, म्हणून कॅप्सूल हॉटेल, म्हणजे खोलीऐवजी झोपण्यापुरता खोका. माणशी साडेतीन हजार येनच्या आसपास. त्याला पुरुषांचा मजला, मला बायकांचा, लिफ्टसुद्धा वेगळी. दिवसभर बरोबर फिरायचं आणि रात्री शुभरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर! दोन कॅप्सूल एकावर एक, मला वरचं. आत मांडी घालून बसता येतं, उभं राहायचा प्रश्नच नाही. दाराच्या जागी खाली ओढायचा पडदा, कडी-कुलूप काही नाही. लॉकर होता, पण उंच आणि चिंचोळा, कोट टांगण्यापुरता. आपल्या बॅगा खाली काउंटरजवळ साखळीने बांधून ठेवायच्या. त्यामुळे बॅगेतून रात्रीचे कपडे काढायला दहा बायका तिथल्या बोळात उकिडव्या बसलेल्या, एकमेकींना "सुमिमासेन, सुमिमासेन" (माफ करा) करत.

झोप लागली. घोरण्याचा त्रास नव्हता, पण शेजारची मुलगी मध्यरात्री प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळवत बसली होती. आणि एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही: सलग रात्रींचं बुकिंग असलं तरी बऱ्याच ठिकाणी सकाळी दहाला सगळ्यांना बाहेर काढतात, साफसफाईसाठी. पाऊस असो, पाय दुखोत.

असलं पहिलं हॉटेल १९७९ मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात निघालं, कुरोकावा नावाच्या आर्किटेक्टचं. शेवटची ट्रेन चुकलेल्या नोकरदारांची सोय. म्हणून अजूनही काही कॅप्सूल हॉटेलांत बायकांना घेतच नाहीत, बुक करताना बघा.

तुमचे अनुभव लिहा. किती येन पडले तेही. भाच्याला हाच धागा पाठवणार आहे.

चकली_दिवाळीनंतरची:
मी पैली! वाखुसा (वाचनखूण साठवली). कुकर लावून येते.

धोंडोपंत:
कॅप्सूल हे आमच्यासारख्या सहा फुटी देहांचं काम नव्हे. सरळ बिझनेस हॉटेल घ्या. आम्ही बहुतेक ठिकाणी तोयोको इन या साखळीच्या हॉटेलांत राहिलो. स्टेशनजवळ असतं, नाश्ता फुकट. ओनिगिरी (भाताचे मुटके), मिसो सूप, कॉफी. आमची ही शाकाहारी, तिने उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी आणि केळी यावर सकाळ काढली. (मिसो सूपमध्ये माशाचा अर्क असतो, हे मी तिला परतीच्या विमानात सांगितलं.)

खोली एवढीशी की बॅग उघडायची तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. 'सेमी-डबल' असं लिहिलेलं असलं तर तो पलंग साधारण १२० सेंटिमीटरचा, आणि तो दोघांसाठी म्हणून विकतात. लग्नाला तीस वर्षं झालेल्यांनी ट्विन (दोन वेगळे पलंग) घ्यावी. दर पुष्कळदा माणशी असतो, तेव्हा शोधतानाच दोन माणसं टाका. एकाचा आकडा बघून हुरळू नका.

तिरसट_तात्या:
एवढं काटकसरीनेच राहायचं तर जपानला जायचंच कशाला? महाबळेश्वरला जा.

चकली_दिवाळीनंतरची:
तात्या, मे महिन्यात महाबळेश्वरचे दर बघितलेत का? जपान परवडेल.

सायली_कावासाकी:
ट्रेनमध्ये उभ्याने टाइपतेय, चुका सांभाळून घ्या.
दर तारखेवर चालतात, हॉटेलवर नाही. शनिवारची रात्र महाग. साकुरा, एप्रिलअखेरचा गोल्डन वीक (सलग सुट्ट्या), ऑगस्टमधला ओबोन (पितरांचा सण), नवीन वर्ष, या दिवसांत तीच खोली दुपटीच्या पुढे जाते. फुकुओकात डोम स्टेडियममध्ये मोठी कॉन्सर्ट असली की तिथल्या हाकाता स्टेशनजवळ खोली मिळणं मुश्कील. तुमची तारीख साधी का दिसत नाही, हे आधी शोधा.
टोकियोत शिंजुकू-शिबुयाचा हट्ट सोडा. ओत्सुका, कामाता, मिनोवा बघा, नाहीतर आमचं कावासाकी. फक्त शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या आसपास जाते, आणि मग टॅक्सीत वाचवलेलं सगळं जातं.
क्योतोत २०१८ पासून मुक्कामावर कर आहे, स्वस्तातल्या खाटेवरसुद्धा. बुकिंगच्या रकमेत तो पुष्कळदा दाखवत नाहीत.
आणि पासपोर्टची झेरॉक्स मागितली तर वाद घालू नका हो! जपानात पत्ता नसलेल्या परदेशी माणसाची ती घ्यावीच लागते. स्टेशन आलं.

रानमेवा:
क्योतोत राहूच नका असं माझं मत. ओत्सुला राहा. जेआरच्या ट्रेनने क्योतोपासून दोनच स्टेशनं, दहा मिनिटं. नोव्हेंबरात, लाल पानांच्या ऐन गर्दीत, क्योतोत काही परवडेना तेव्हा तिथे गेलो आणि संध्याकाळी बिवा सरोवराच्या काठी फिरायला मिळालं ते वेगळंच. क्योतोच्या बसमधली ती चेंगराचेंगरी संध्याकाळी तरी सुटली.

बंड्या_ओसाकाफेम:
ओसाका, शिन-इमामिया. ज्यांना कळलं त्यांना कळलं.
बाकीच्यांसाठी: तिथलं कामागासाकी म्हणजे रोजंदारीवरच्या मजुरांची जुनी वस्ती. त्यांच्या मुक्कामाच्या खोल्या आता आपल्यासारख्यांना देतात. मला अडीच हजार येनला पडली. तीन तातामींची (जपानी चटयांची) खोली, म्हणजे जेमतेम ५० चौरस फूट. गादी घडी करून कोपऱ्यात, छोटा टीव्ही, छोटा फ्रीज, झालं. आंघोळ खाली सामायिक, ठरलेल्या वेळेत. संध्याकाळी म्हातारे लोक फुटपाथवर बसून बिअर पितात आणि शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळतात. मी रोज उभा राहून बघायचो. एका आजोबांनी एकदा मलाच विचारलं की कुठली सोंगटी हलवू. हलवली. हरले ते.
नेटवर 'तिकडे जाऊ नका' असं भरपूर वाचलं होतं. मला काही त्रास झाला नाही, पण मी पुरुष आहे, एकटा होतो, हेही धरा. नानकाई कंपनीची ट्रेन तिथून थेट कान्साई विमानतळाला जाते. टोकियोत असंच हवं असेल तर मिनामी-सेन्जू स्टेशनजवळ सान्या ही वस्ती.

पेंगुळलेली_आई:
माझाही एक. २०१८, जून. घरगुती भाड्याच्या घरांवर जपानात नवा कायदा आला, नोंदणी नंबर नसलेली घरं साइटवरून उडाली. त्यात आमचं ओसाकाचं. निघायच्या जेमतेम आधी ईमेल, 'आपले बुकिंग रद्द'. बरोबर दात येत असलेलं बाळ आणि सासूबाई. पैसे परत मिळाले, पण तोवर बाकीच्या सगळ्यांनीही उरलेल्या खोल्यांवर उड्या मारलेल्या. शेवटी साध्या हॉटेलांच्या रांगेत एक स्वस्त दिसलं, दोन खोल्या घेतल्या.
पोचलो. रिसेप्शनवर माणूस दिसेना, फक्त एक झरोका आणि दोन हात. खोलीत जांभळे दिवे, भिंतभर आरसा. मला उलगडा झाला, नवऱ्याला झाला, आम्ही एकमेकांकडे बघेचनात. सासूबाई सकाळी प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आल्या. म्हणाल्या, "आरसा किती छान गं, साडीच्या निऱ्या मागूनसुद्धा दिसतात. पण घड्याळ लावून तासाचा दर का लिहिलाय?"

चकली_दिवाळीनंतरची:
मेले मेले मेले. ऑफिसात आहे मी.

धोंडोपंत:
सासूबाईंना आमचा साष्टांग नमस्कार सांगा.

मोगरा_पुणे:
अगं आई, बाळासकट असं अधांतरी, वाचूनच पोटात गोळा आला. आता हा कायदा कसा आहे?

सायली_कावासाकी:
आहे तसाच. घरमालकाला वर्षात जास्तीत जास्त १८० रात्री भाड्याने देता येतं, काही वॉर्डांत त्याहून कमी. जाहिरातीत नोंदणी नंबर दिसला तरच घ्या. चारपाच जणांच्या कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा अजूनही तेच स्वस्त पडतं, आणि वॉशिंग मशीन असतं.

गारवा७२:
राहण्याचा खर्चच वाचवायचा तर रात्रीची ट्रेन, सनराइज एक्सप्रेस! टोकियोहून रात्री दहाच्या सुमारास निघते, सकाळी ताकामात्सु किंवा इझुमो. 'नोबिनोबी' जागा घ्या, तिला बर्थचे पैसे लागत नाहीत. गालिचा घातलेली लांबच लांब फळी, डोक्याजवळ छोटी आडभिंत, बाकी सगळे लग्नघरातल्या सतरंजीवर झोपतात तसे ओळीने आडवे. पांघरायला एक पातळ चादर. खाली टणक लागतं, जाकीट अंथरा. पहाटे सेतोचा समुद्र ओलांडताना मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. बुकिंग महिनाभर आधी सकाळी १० ला उघडतं, लगेच भरतं.

तिरसट_तात्या:
रात्रभर फळीवर? आमच्या कमरेचं काय?

गारवा७२:
तात्या, तुम्ही महाबळेश्वरलाच जा.

चकली_दिवाळीनंतरची:
खोलीत भात लावता येतो का? आई म्हणते छोटा इलेक्ट्रिक कुकर घेऊन जा.

धोंडोपंत:
नको! तिकडे वीज १०० व्होल्ट. आपला २३० वाला कुकर पाचव्या हिश्श्याने तापतो. भाताला उकळी येईपर्यंत व्हिसा संपेल. शिवाय बहुतेक हॉटेलांत खोलीत शिजवू देत नाहीत. हॉस्टेलांमध्ये पुष्कळदा सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे त्यांचाच कुकर वापरा. मेतकूट न्या.

सायली_कावासाकी:
टोकियोत असाल तर निशी-कासाईला भारतीय दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-मसाले सगळं मिळतं. थालीपिठाची भाजणी मात्र मला तिथे कधी दिसली नाही.

पेंगुळलेली_आई:
भाजणीवरून आठवलं. धाग्याशी संबंध नाही, माफ करा. मेमध्ये ठाणे-डोंबिवलीकडून नागोयाला कोणी जाणार आहे का? माझ्या नणंदेला डोहाळे लागलेत, रोज भाजणी भाजणी करतेय.

रानमेवा:
मी जातेय, ठाण्याहूनच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. एक किलोच्या वर नाही हं, माझीही आई बॅग भरतेय.