मदत हवी आहे: १७७६ सीसी बीटलसाठी आयडल जेट ५५ की ६०?

गाडी फोक्सवॅगन बीटल, पुण्यात. मूळ १६०० इंजिनाला ९०.५ मिमीचे बॅरल-पिस्टन घालून १७७६ सीसी केलंय. क्रँक ६९ मिमीचाच, कॅमही मूळचा. वेबर ४० आयडीएफ कार्बोरेटरची जोडी: व्हेंचुरी २८, मेन जेट ११५, एअर करेक्टर २००, इमल्शन ट्यूब एफ-११, आयडल जेट (हलक्या पायाने चालवताना पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र मोठं) ५०.

आयडलिंग छान. ३००० आरपीएमच्या पुढे मोकळी पळते. पण हलक्या पायाने २००० ते २८०० दरम्यान आचके देते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो. सिग्नल सुटल्यावर हमखास. प्लग पांढरट निघतात, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

फ्लोट लेव्हल, दोन्ही कार्बोरेटरचं सिंक, टायमिंग (पूर्ण ॲडव्हान्स ३० डिग्री) तपासलं. मॅनिफोल्डला स्प्रे मारून पाहिला, हवा कुठे ओढत नाही. जेट काढून हवेने साफ केले, फरक शून्य. मिक्श्चर स्क्रू मात्र दोन फेऱ्यांहून जास्त उघडावे लागतात, म्हणून माझा संशय आयडल जेटवरच आहे. त्यात पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉलचं), म्हणजे मिश्रण आणखी पातळ.

जेट परदेशातून मागवायचे, त्यामुळे एकदाच नेमके घ्यायचेत. महाबळेश्वरचा घाट नेहमीचा, तेव्हा वर विरळ हवेत गेल्यावर मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त) होऊनही चालणार नाही. असं इंजिन ई२० वर चालवणाऱ्यांनी सांगा: आयडल ५५ पुरेल की थेट ६०? आणि मेन ११५ च ठेवू की सोबत १२० सुद्धा मागवू?