नाउन क्लॉज ओळखाचा कसा? एकाच 'दॅट'ले एकीकडं नाउन म्हणते, दुसरीकडं ॲडजेक्टिव्ह

पऱ्हाटी_ते_परीक्षा (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी. तलाठी भरतीची तयारी चालू हाय, गणित होऊन जाते, मराठीचं टेन्शन नाही, जीके बी पाठ करून करून जमते, पण ते इंग्रजीचे 25 प्रश्न रायते न, तेथीसा गाडी फसते. अन त्यात बी क्लॉज (मोठ्या वाक्यातला कर्ता-क्रियापदवाला तुकडा) आला का डोकंच काम नाही करत. गावातल्या अभ्यासिकेत माया दोस्ताचा अन माया याच्यावरून लय वाद झाला. दोन वाक्यं हायेत पाहा:

द न्यूज दॅट द कॉटन रेट हॅज गॉन अप इज ट्रू.
द न्यूज दॅट ही ब्रॉट इज ट्रू.

दोन्हीत 'द न्यूज', दोन्हीत 'दॅट', शेवट बी एकच. तरी उत्तरात पहिल्यातल्या 'दॅट'वाल्या तुकड्याले नाउन क्लॉज (नामाचं काम करणारा) देल्लं अन दुसऱ्यातल्याले ॲडजेक्टिव्ह (विशेषणाचं काम करणारा). दोस्त म्हणते छापणाराची चूक असन, मी म्हणतो नाही, काहीतरी गोम हाय. काहून असं?

दुसरं, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' हे चूक काहून? 'व्हेअर इज ही' हे तर बरोबर इंग्रजी हाय न? अन तिसरं, 'इफ' अन 'व्हेदर' (हवामानवाला नाही, दुसरा) कुठी कोणता लावाचा. जरा सोप्या भाषेत सांगजा, क्लासच्या नोट्समधली व्याख्या मले पाठ हाय, तिचा काही उपयोग नाही होऊन रायला.

रिटायर्ड_मास्तर (कारंजा लाड)

बाबू, छापणाराची चूक नाही, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

तुम्ही पोरं काय करता, क्लॉजच्या तोंडावरचा शब्द पाहता अन तिथंच निकाल लावून मोकळे होता. 'दॅट' दिसला का नाउन, 'व्हेन' दिसला का ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण). तसं नाही होत. हा एकटा 'व्हेन' घे:

आय नो व्हेन ही केम.
आय लेफ्ट व्हेन ही केम.
आय रिमेंबर द डे व्हेन ही केम.

तिन्हीत 'व्हेन ही केम' अक्षरशः सारखं आहे. पहिल्यात 'मला माहीत आहे' म्हटल्यावर काय माहीत आहे, त्याचं उत्तर तो क्लॉज देते, म्हणजे क्रियापदाचं कर्म, म्हणून नाउन. दुसऱ्यात मी कधी निघालो ते सांगते, म्हणून ॲडव्हर्ब. तिसऱ्यात कोणता दिवस ते सांगते, 'डे'ला चिकटून आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह. म्हणजे नाव कामावरून पडते, चेहऱ्यावरून नाही.

पहिली परीक्षा अशी का पूर्ण क्लॉज उचल अन त्या जागी 'समथिंग' टाक. 'आय नो समथिंग' चालते, तर नाउन क्लॉज. 'आय लेफ्ट समथिंग' वाक्य म्हणून उभं राहते पण अर्थच बदलला, मी काहीतरी विसरून आलो असं झालं, म्हणून तिथं नाउन नाही. हे कर्त्याच्या जागी चालते (व्हॉट ही सेड वॉज राँग), कर्माच्या जागी चालते, 'इज, वॉज'च्या नंतर चालते (द ट्रबल इज दॅट द वेल इज ड्राय), अन 'अबाउट, ऑन' अशा शब्दामागं बी चालते (वी टॉक्ड अबाउट व्हॉट ही सेड). व्याख्या विसरला तरी हे विसरू नको.

पिवळं_सोयाबीन

गुरुजी पण त्याच्या न्यूजवाल्या वाक्यात तुमचं समथिंग बसते का? 'द न्यूज समथिंग इज ट्रू', हे तर भलतंच झालं 😄

रिटायर्ड_मास्तर (कारंजा लाड)

बरोबर पकडलंस, तिथं नाही बसत. कारण तिथं क्लॉज एकटा नाही, तो 'न्यूज' ह्या नामाच्या मागं उभा राहून त्याच नामाचा ऐवज सांगते, त्याला व्याकरणात ॲपोझिशन म्हणते. फॅक्ट, न्यूज, होप, बिलीफ, रिपोर्ट, रूमर, आयडिया असे शब्द आले का ह्या जागेवर लक्ष ठेवाचं. त्याची परीक्षा वेगळी आहे, अन खरी गोम तिथंच आहे.

'दॅट' झाकून ठेव अन पुढचं एकटं वाच.

'द कॉटन रेट हॅज गॉन अप'. कापसाचा भाव वाढला. पूर्ण वाक्य आहे, काही उणं नाही. म्हणजे 'दॅट' इथं फक्त जोडणी करते, आतमध्ये त्याचं काही काम नाही. नाउन क्लॉज.

'ही ब्रॉट'. त्यानं आणली. काय आणली? अधुरं आहे. आणलेली वस्तू म्हणजे ती न्यूजच, अन तिची जागा आतमध्ये 'दॅट'नं धरून ठेवली आहे. ॲडजेक्टिव्ह क्लॉज.

कधी आतलं कर्म गायब असते, कधी कर्ताच गायब असते, जसं 'द न्यूज दॅट केम यस्टरडे'. 'केम यस्टरडे', कोण आलं? परत अधुरं, परत ॲडजेक्टिव्ह. खात्री कराची असन तर 'दॅट' काढून 'व्हिच' लाव: 'द न्यूज व्हिच ही ब्रॉट' मस्त चालते, 'द न्यूज व्हिच द कॉटन रेट हॅज गॉन अप' नाही चालत. नाहीतर मधात 'इज' घालून पाहा: 'द न्यूज इज दॅट द कॉटन रेट हॅज गॉन अप' हे वाक्य झालं. 'द न्यूज इज दॅट ही ब्रॉट' हे नाही झालं. दोस्ताला चहा पाजाले लाव आता.

दिग्रसची_ताई

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते भाऊ, माझ्याकडे नववी-दहावीचे पोरं ट्यूशनले येतात आणि दर वर्षी हीच एक चूक सगळ्यात जास्त असते.

आपण बोलतो कसं पाहा. 'बस कवा येते?' हा प्रश्न. 'बस कवा येते मले मालूम नाही' हे साधं वाक्य. मधातला तुकडा जसाच्या तसा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आपल्या भाषेत प्रश्न विचारला म्हणून शब्दांची जागा हलतच नाही, त्यामुळे आपल्याला वाटते का इंग्रजीत पण प्रश्न उचलून तसाच चिकटवून द्यायचा. पण इंग्रजीत प्रश्न विचारताना सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे येऊन बसते, आणि तो प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला का ते परत आपल्या जागेवर जाते. 'व्हेअर इज ही?' सुटा प्रश्न, पण 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.

आणि 'डू, डज, डिड' असले का ते पूर्ण निघूनच जातात आणि त्यांचा काळ मुख्य क्रियापदावर येऊन पडतो. हे पोरं विसरतात. 'व्हेन डज द बस कम?' याचं 'आय डोन्ट नो व्हेन द बस कम्स' होते, 'कम'ले एस परत लागला. 'व्हाय डिड ही गो?' याचं 'टेल मी व्हाय ही वेंट'. क्लासमध्ये मी 'व्हाय ही गो' असं लिहिलेलं इतक्यांदा कापते का आता लाल पेन हातात घ्यायच्या आधीच पोरं हसतात.

एक अपवादासारखं दिसते पण अपवाद नाही: 'हू ब्रोक द पंप?' आणि 'आय नो हू ब्रोक द पंप'. इथे काही हललं नाही कारण 'हू' स्वतःच कर्ता आहे, पहिलेपासून जागेवरच होता.

प्रश्नचिन्हाचं पण बघत जा. 'डू यू नो व्हेअर ही लिव्ज?' इथे आहे कारण बाहेरचं वाक्य प्रश्न आहे. 'आय वंडर व्हेअर ही लिव्ज' इथे पूर्णविराम. चूक शोधाच्या प्रश्नात हे टाकून देतात.

उन्हाळा_४७_डिग्री

नोबडी नोज व्हेन द लाइट विल कम. आमच्या फीडरवरचा नाउन क्लॉज, कर्माच्या जागी, बारमाही.

दिग्रसची_ताई

😂 आणि शब्दांची जागा एकदम बरोबर हो भाऊ.

झाडीपट्टी_गोंदिया

इफ-व्हेदरचं मी घेतो. अर्थ दोन्हीचा 'की नाही' असाच आहे आणि 'आय डोन्ट नो'च्या मागे दोन्ही चालतात. जिथे फक्त व्हेदरच चालतो त्या जागा लक्षात ठेवा, प्रश्न तिथूनच काढतात. प्रीपोझिशनच्या ('ऑन, अबाउट' असे शब्द) मागे व्हेदर: 'इट डिपेंड्स ऑन व्हेदर इट रेन्स', इथे 'ऑन इफ' नाही. वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून आला तर व्हेदर: 'व्हेदर ही विल कम इज नॉट सर्टन'. लगेच मागे 'ऑर नॉट' आलं तर व्हेदर. आणि मागे 'टू' असलं तर व्हेदर, 'आय डोन्ट नो व्हेदर टू सो नाऊ ऑर वेट', म्हणजे जूनमध्ये आपल्या सगळ्यांचं जे चालते ते, पेरावं का थांबावं. पण थांबा, ह्या शेवटच्याले परीक्षेत क्लॉज म्हणू नका, आतमध्ये कर्ता नाही आणि काळ दाखवणारं क्रियापद पण नाही, म्हणून जुन्या पद्धतीच्या व्याकरणात तो फ्रेज धरतात.

आता इफचे पण दोन प्रकार आहेत आणि तिथे भले भले फसतात.

'इफ इट रेन्स, वी विल सो' ही अट आहे, ॲडव्हर्ब क्लॉज. 'आय डोन्ट नो इफ इट विल रेन' हा नाउन क्लॉज. इफ काढून व्हेदर लावून पाहा, अर्थ तोच राहिला तर नाउन. आणि 'विल' बघा कुठे आहे. अटीच्या इफमध्ये पुढची गोष्ट असली तरी साधारण विल लावत नाहीत, नाउनवाल्या इफमध्ये बिनधास्त लागते. शाळेत 'इफच्या मागे विल नाही' एवढंच शिकवून सोडून देतात आणि मग पोरगं बरोबर वाक्य पण खोडून टाकते.

बँकेतला_पुसदकर

अभ्यास करणाऱ्यांना एक सांगतो, हे फक्त मार्कांपुरतं नाही. आमच्या शाखेत हेड ऑफिसचा फोन आला का इंग्रजीत बोलावं लागते, आणि तिथं 'व्हेन विल द सर्व्हर स्टार्ट?' असं धाडकन विचारलं तर भांडल्यासारखं वाटते. 'कुड यू टेल मी व्हेन द सर्व्हर विल स्टार्ट?' म्हटलं का तोच माणूस नीट बोलते. ताईनं सांगितलेली शब्दांची अदलाबदल इथं रोज लागते. बाकी 'शुअर ऑफ दॅट ही विल कम' असं काहीजण लिहितात ते टाळा. 'शुअर ऑफ हिज सपोर्ट' ठीक, पण दॅट-क्लॉज आला का 'ऑफ' गळून पडते, 'आय ॲम शुअर दॅट ही विल कम'. 'इन्सिस्टेड ऑन'चं पण तसंच.

पऱ्हाटी_ते_परीक्षा (दारव्हा तालुका)

लय भारी राजेहो, दोस्ताले स्क्रीनशॉट पाठवला, अजून रिप्लाय नाही देल्ला त्यानं. गुरुजी अजून एक, 'इट इज ट्रू दॅट ही केम' ह्याच्यात नाउन क्लॉज कर्ता हाय म्हणते. मग तो 'इट' कोण हाय? अन 'व्हॉट' अन 'दॅट' मधी बी गोंधळ होते.

रिटायर्ड_मास्तर (कारंजा लाड)

एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकते न, तो 'इट' म्हणजे रुमाल. कर्त्याची जागा इंग्रजीत रिकामी ठेवता येत नाही, अन 'दॅट ही केम' एवढं लांबलचक धूड पुढं बसवलं तर वाक्य जड होते ('दॅट ही केम इज ट्रू', चूक नाही पण कोणी बोलत नाही), म्हणून रुमाल टाकून जागा धरली अन खरा मालक मागून आला. परीक्षेत कर्ता विचारला तर मागचा क्लॉज सांगाचा.

'व्हॉट' अन 'दॅट'ला तीच झाकून पाहाची युक्ती. 'आय नो दॅट ही सोल्ड द बुलक', आतलं वाक्य पूर्ण, 'दॅट'. 'आय नो व्हॉट ही सोल्ड', काय विकलं ते आतमध्ये नाही, ती जागा 'व्हॉट'नं भरली. पण ॲडजेक्टिव्हवाल्या 'दॅट'च्या आधी एक नाम असते (द बुलक दॅट ही सोल्ड), 'व्हॉट'च्या आधी नसते, तो ते नाम पोटातच घेऊन फिरते. म्हणून 'द बुलक व्हॉट ही सोल्ड' लिहू नको.

अन 'दॅट' गाळता बी येते, 'आय थिंक ही इज राइट' रोजचं आहे. फक्त क्लॉज वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून आला तर नाही गाळता येत.

पऱ्हाटी_ते_परीक्षा (दारव्हा तालुका)

मंग हे तपासा, मीच बनवलं: 'व्हॉट वी नीड इज दॅट द बस कम्स ऑन टाइम'. किती क्लॉज हायेत? मले दोन वाटते, दोस्त म्हणते तीन.

दिग्रसची_ताई

ह्या वेळी दोस्त बरोबर. काळ दाखवणारे क्रियापद मोजायचे: नीड, इज, कम्स. तीन क्रियापद, तीन क्लॉज. 'व्हॉट वी नीड' कर्ता, 'दॅट द बस कम्स ऑन टाइम' पूरक, दोन्ही नाउन. मेन क्लॉजमध्ये हातात फक्त 'इज' उरते म्हणून तू तो मोजला नाहीस. आणि 'इज'च लागते, 'आर' नाही, क्लॉज कर्ता असला का साधारण एकवचनच धरतात.

पिवळं_सोयाबीन

म्हणजे चहा आता दोघायनं एकमेकाले पाजाचा 😄