जुन्या वाड्याचं चित्र काढायलोय, वायरी ठेवू की गाळू?

काळा_दगड: नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून वॉटरकलर करतो. आधी सोलापूर महापालिकेची इंद्रभुवन इमारत केली, आता आमच्या पेठेतला एक वाडा घेतलाय, घडीव दगडाचं जोतं, लाकडी सज्जा, दिंडी दरवाजा सगळं शाबूत आहे पण विकायचं चाललंय म्हणे. मला हुबेहूबच काढायचंय. घरी मोबाईलच्या फोटोवरनं काढलं की वाडा मागं कलल्यासारखा येतो, आणि समोरच्या वायरी न् सज्जाखाली उगवलेलं पिंपळाचं रोप ठेवू की गाळू हे पण कळेना.

सोलापुरी_कुंचला: फोन वर करून फोटो काढता म्हणून उभ्या रेघा वर जवळ येतात. लांब जा, फोन सरळ धरा, जमलं तर समोरच्या घराच्या माडीवरनं घ्या. कागदावर आधी डोळ्याच्या उंचीची आडवी रेघ मारा मग बाकीचं. आणि जोत्याला काळी ट्यूब लावू नका हो, मेल्यासारखं दिसतं! अल्ट्रामरीन निळा न् बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा, आपला काळा दगड उन्हात निळसर करडा असतो, भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाजवळ सकाळी तासभर बसा म्हणजे पटेल.

पार्कचौकातला: बेलोत्तोची चित्रं नेटवर बघा. व्हेनिसवाल्या कानालेत्तो चित्रकाराचा भाचा. १७७० ते १७८० मध्ये पोलंडच्या राजासाठी त्यानं वॉर्सा शहराचे रस्ते, चर्च, वाडे रंगवले, खिडक्या न् कंगोऱ्यांसकट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते जुनं शहर ८५ टक्क्यांच्या वर उद्ध्वस्त केलं आणि परत बांधताना ही चित्रं समोर ठेवली. तिथल्या आर्किटेक्चर कॉलेजच्या पोरांनी युद्धाआधी घेतलेली इमारतींची मापं पण कामाला आली, कारण बेलोत्तो पण कुठंकुठं आपल्या मनासारखं सुधारून काढायचा आणि तेवढ्यात फसगत होते. म्हणून माझं म्हणणं, वायरी गाळल्या तरी चालतील, त्या वाड्याच्या नाहीत, पण खांब किती, सज्जाच्या कठड्याला दांडे किती यात एक पण कमीजास्त करू नका.

चादर_गल्ली: मला चित्रातलं काय कळत नाही. वडील गिरणीत होते, गिरणीचं धुराडं आमच्या गच्चीवरनं दिसायचं, पाडलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. आज नातीला दाखवायला एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात मंडपाच्या मागं अर्धंच धुराडं आलंय. कुणीतरी अख्खं काढून ठेवायला पाहिजे होतं हो. तुम्ही वायरी पण ठेवा, पिंपळ पण ठेवा. आम्ही बघितलं ते तसंच होतं.

काळा_दगड: काका, वाचून गलबलून आलं. वायरी ठेवतो. आज ऑफिसला जाताना थांबून मोजलं, सज्जाला १९ दांडे आहेत, मी १६ काढले होते. जोत्याच्या थरांची उंची घ्यायला रविवारी टेप घेऊन जातो, मालक हो म्हणालेत.