मदत हवी आहे: अमरावतीत डबा आणि इन्सुलिन

मंडळी, अमरावतीतलं कुणी आहे का इथे? मी पुण्यात, आई-बाबा तिकडे राजापेठेत, दोघंच. २२ फेब्रुवारी २०२१च्या रात्रीपासून अमरावती-अचलपूरला आठवड्याचा लॉकडाऊन लागलाय. मागच्याच महिन्यात ‘कोरोना गेला रे आता’ म्हणत बाबा लग्न जेवून आले होते. असो, आता भांडून काय उपयोग!

बाबांचा कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट तीन दिवस झाले, आलेला नाही. ऑक्सिमीटर गार बोटाला रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के दाखवतो, बोट चोळून लावलं की ९६. नेमका कुठला धरायचा? आईलाही कालपासून कणकण आहे, म्हणून दोन वेळचा डबा हवाय, बाबांना शुगर आहे. पिशवी दाराच्या कडीला अडकवली तरी चालेल. इन्सुलिन घरपोच देणारं मेडिकलही सुचवा. पैसे लगेच पाठवतो.