इंटेलिजेंट डिझाइन सायन्स आहे का? काकांसोबत वाद झालाय

गोदाकाठचा_पोरगा:
मी परभणीला बीएस्सी करायलोय. दिवाळीला गावी गेलो तर काकांनी व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवला, त्यात एक जण म्हणतो घड्याळ आपोआप बनत नसतंय तर मग डोळा कसा बनेल, कोणीतरी डोकं लावूनच बनवलाय, ह्यालाच इंटेलिजेंट डिझाइन म्हणायचं, आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञबी हेच म्हणायलेत. काका म्हणले तुमच्या पुस्तकात दोन्ही बाजू का नाहीत? मला बोलताच आलं नाही, सगळ्यांसमोर पचका झाला. खरंच शास्त्रज्ञांत असा वाद चालूय का?

खडू_फळा:
नाही. घड्याळाचं उदाहरण विल्यम पेली नावाच्या इंग्रज पाद्र्याचं, 1802 सालचं, डार्विनला स्वतःला तरुणपणी पटलेलं. आणि डोळ्याचं म्हणशील तर आपल्या डोळ्याच्या पडद्यात नसा प्रकाशाच्या वाटेत पुढून पसरल्यात, त्या बाहेर पडतात तिथं काहीच दिसत नाही. ऑक्टोपसचा डोळा बरोबर जोडलाय. आपल्यासारखं वायरिंग गावातल्या वायरमननं केलं तर पैसे देशील का?
दोन्ही बाजूंचं म्हणशील तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरमध्ये शाळा बोर्डानं हेच करून पाहिलं, पालक कोर्टात गेले. इंटेलिजेंट डिझाइनवाले मायकल बेही साक्षीला आले आणि उलटतपासणीत कबूल करून बसले की त्यांची थिअरीची व्याख्या लावली तर ज्योतिषपण त्यात बसतं. डिसेंबर 2005 ला निकाल लागला, हे सायन्स नाही. जज्ज रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुशनंच नेमलेला होता बरं का.

कापूसवाला_पाथरी:
सर कशाला अमेरिकेत जाता, आमच्या रानात या. बीटी कापूस, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेलं बियाणं, 2002 ला आलं, 2006 ला त्याचंच पुढचं बीजी टू, सुरुवातीला अळी पटापट मरायची. 2017 ला काय झालं सगळ्यांना माहितीय, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. लाखात एखादी विष पचवणारी अळी आधीपासून असती, बाकीच्या मेल्या की तिचंच खानदान वाढतंय. म्हणून पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन बीटीची रेफ्युजी पुडी द्यायचे, साध्या अळ्या जगाव्यात आणि विष पचवणाऱ्यांशी जोडा लागावा, म्हणजे पचवणाऱ्यांचंच खानदान वाढत नाही. आपण पुडी फेकली, वरून फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरबी तीच झाडं रानात राखली. उत्क्रांती आपणच करून दिली की मायला

सहज_विचारतो:
पण अळी ती अळीच राहिली ना? माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिलाय?

खडू_फळा:
हेच 2018 ला आपल्या औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले होते, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी पत्रक काढून खोडलं. आजच्या माकडाचा माणूस झालाच नाही, दोघांचा पूर्वज एक. चिंपांझीची गुणसूत्रं 48, आपली 46, कारण आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जोडून झालंय, सांधा अजून दिसतोय. पणजोबाची वाटणी तुम्ही कुठं पाहिली होती, फेरफार बघूनच मानता ना?

गोदाकाठचा_पोरगा:
काकांना सांगितलं. बोंडअळीचं लगेच पटलं, डोळ्याचं अजून नाही म्हणतात, आणि वायरमनवरून उलटं मलाच बोलले. कोठीत रेफ्युजीच्या चार पुड्या निघाल्या, उंदरांनी फोडलेल्या.